श्रवणयंत्र लावूनही नाटक का कळत नाही?

प्रश्न : वडील श्रवणयंत्र वापरतात. घरी सगळे ऐकू येते, पण नाट्यगृहात संवाद कळत नाहीत. जास्त ताकदीचे यंत्र घ्यावे का?
– एक वाचक, नागापूर (जि. अहिल्यानगर)

उत्तर : अडचण बहुधा यंत्राच्या ताकदीची नसते. श्रवणयंत्र जवळच्या बोलण्यासाठी सोयीचे असते. सभागृहात अंतर वाढते, घुमणारा आवाज आणि प्रेक्षकांची कुजबुज संवादात मिसळते. आवाज वाढवला की हा गोंगाटही वाढतो.

खरा उपाय म्हणजे ध्वनियंत्रणेतला आवाज थेट कानापर्यंत आणणे. लूप पद्धतीत प्रेक्षागृहाभोवतीच्या तारेचे चुंबकीय क्षेत्र यंत्रातील ‘टेलिकॉइल’ टिपते. इन्फ्रारेड व एफएम पद्धतींत वेगळा रिसीव्हर लागतो; ‘ऑराकास्ट’ ही ब्लूटूथची नवी सोय आहे. टेलिकॉइल अनेकदा यंत्रात असते, पण सुरू केलेली नसते. ऑडिओलॉजिस्ट ती सुरू करून देतात.

सभागृहात अशी सोय नसल्यास पुढची, मधली जागा निवडावी. आयोजकांच्या परवानगीने यंत्राशी जुळणारा रिमोट माइक स्पीकरजवळ ठेवता येतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवनातील सहभागाचा उल्लेख असल्याने आयोजकांकडे सोयीची मागणी करणे रास्त आहे.

ऐकू येणे अचानक कमी झाल्यास मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना त्वरित दाखवावे.