बॉयलरला गोधडी कशाला?

“सर, मुलगा म्हणतो, बॉयलरच्या कापडाचं काम शिकणार. मेकॅनिकल डिप्लोमा काय शिवणकामासाठी केला?” एका आईचा हा प्रश्न. राग खरा होता, आणि शिवणकामाबद्दलचा अंदाजही अगदीच चुकीचा नव्हता.

कोराडी, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांत किंवा साखर कारखान्यात बॉयलरचा धूर पत्र्याच्या अवाढव्य डक्टमधून चिमणीकडे जातो. पोलाद तापलं की वाढतं. 10 मीटरचा डक्ट 300 अंशांनी तापला तर सुमारे 36 मिलिमीटर लांबतो. वाढायला जागा नसेल तर वेल्ड तडकतात. म्हणून दोन डक्टमध्ये मुद्दाम फट ठेवतात आणि तिच्यावर कापडी एक्सपान्शन जॉइंट बसवतात. कामगार त्याला सरळ बेलो म्हणतात.

हा बेलो म्हणजे गोधडीच. बाहेर टेफ्लॉनचा लेप दिलेलं काचधाग्याचं कापड, मग वायू अडवणारी टेफ्लॉनची फिल्म, आत सिरॅमिक फायबरचा जाड थर. टेफ्लॉन सतत सोसू शकतो 260 अंशांपर्यंतच, त्यामुळे आतला थर किती जाड ठेवायचा हे गणित करूनच ठरतं. आणि बाहेरून? उघडं ठेवायचं! कुणी उत्साही माणूस डक्टबरोबर बेलोवरही लॅगिंग, म्हणजे उष्णतारोधक आवरण, गुंडाळतो, उष्णता कोंडते आणि कापड करपतं. उलट कापड फार गार पडलं, तर धुरातल्या गंधकाचं आम्ल त्यावर जमून फ्लँज, म्हणजे बेलो जिथे बोल्टने बसतो ती पोलादी कड, खातं. या दोन टोकांच्या मधली जागा हेरणं हेच यातलं कसब.

ते कसब अनेक वाटांनी येतं. आयटीआयचा फिटर किंवा शीट मेटल वर्कर फ्लँज सरळ लावतो, कापड दाबून धरणाऱ्या बॅकिंग बारचे बोल्ट सारख्या ताणाने आवळतो. डिप्लोमावाला डक्टची मापं घेऊन ड्रॉइंग काढतो. इंजिनीअर हालचालींचा हिशेब करतो. टेक्सटाइलच्या विद्यार्थ्यांनाही इथे वाव आहे, हे त्यांच्या वर्गात क्वचितच सांगितलं जातं. मला विचाराल तर आधी दोन वर्षं साइटवर घालवावीत, मग ड्रॉइंगच्या टेबलाशी बसावं. गळका बेलो हाताने सोडवलेल्याचं ड्रॉइंग वेगळं असतं. धुराच्या डक्टमध्ये धूर ओढून घेणाऱ्या आयडी फॅनमुळे आत ओढ असते, त्यामुळे फाटक्या बेलोतून बाहेरची हवा शिरते आणि फॅनला उगाच वीज लागते. एक चिंधी, पण बिल मोठं.

पालकांनो, काम राखेचं आहे, शटडाउनमध्ये रात्रपाळीही येते. जुन्या प्लांटमध्ये ॲस्बेस्टॉसचं कापड सापडू शकतं. म्हणून नोकरी घेताना पगाराआधी मास्क, बंदिस्त जागेत शिरायचा परवाना आणि विमा याबद्दल विचारा.

त्या आईला मी एवढंच सुचवलं: साखर कारखान्याचा हंगाम संपला की दुरुस्ती सुरू होते, तेव्हा ओळखीने परवानगी काढून मुलाबरोबर एकदा जाऊन या. त्या गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, “टाके मात्र जाड घालतात हो.”