घराकडे बघणारा माणूस

शाळा म्हटली की डोळ्यांपुढे काय येते? फळा, खडू, मास्तर आणि मुले. पण काही शाळा निराळ्या असतात. कोणा मुलाला दिसत नाही. कोणाला ऐकू येत नाही. कोणाची समज वयाच्या मानाने कमी असते. अशा मुलांसाठी खास शाळा असतात. तेथल्या शिक्षकांनी वेगळे शिक्षण घेतलेले असते. त्यांना विशेष शिक्षक म्हणतात.

पण एवढ्या शिक्षकांवर शाळा भागते काय? पाहू या.

समजा, एका घरी आठ वर्षांचा मुलगा आहे. त्याची समज कमी आहे. तो खास शाळेत राहून शिकतो. भाकरी कशी मोडावी, घास कसा घ्यावा, हे बाई त्याला रोज शिकवतात. चार महिन्यांनी तो आपल्या हाताने जेवू लागतो. मग दिवाळीची सुट्टी लागते. मुलगा घरी येतो. आई म्हणते, "लेकरू किती दिवसांनी आलं! मीच भरवते त्याला." सुट्टी संपते. मुलगा शाळेत परत जातो आणि ताटापुढे तोंड उघडून बसतो. चार महिन्यांची मेहनत वाया गेली!

यात आईचा काय दोष? शाळेत काय शिकवले, हे तिला कोणी सांगितलेच नाही. बाईंनी तरी कधी सांगावे? वर्गातली मुले सोडून त्यांना गावोगाव कसे फिरता येईल?

म्हणून शाळेत आणखी माणसे लागतात. बोलायला शिकवणारे वाचा-उपचार तज्ज्ञ लागतात. हातापायांचे व्यायाम करून घेणारे लागतात. मुलाचे मन आणि समज ओळखणारे मानसशास्त्रज्ञ लागतात. मुले राहत असतील तर काळजीवाहक लागतात. आणि घराकडे बघणारा एक माणूस लागतो. त्याला समाजसेवक म्हणतात.

समाजसेवक काय करतो? तो घरी येतो. ओसरीवर बसतो. मुलाला कोण आंघोळ घालते, कोण जेवू घालते, हे विचारतो. शाळेत शिकवलेले घरी कसे चालू ठेवावे, ते दाखवतो. मूल बहिरे असेल तर हातांच्या खुणांची भाषा घरच्यांनीही शिकावी, असे सांगतो. नाही तर ते मूल भरल्या घरात एकटे पडते. शेजारीपाजारी म्हणतात, "आईचंच काहीतरी पाप असेल." तेव्हा तो सासूसासऱ्यांनाही समजावतो, "अहो, हे कुणाचं पाप नव्हे." खचलेल्या आईला एवढा आधारही मोठा असतो.

आईबापांचे बळ थोडे नाही. मुंबईची जय वकील शाळा 1944 साली सुरू झाली. वकील दांपत्याने ती आपल्या मुलीसाठी काढली. घराची तळमळ होती, म्हणून शाळा उभी राहिली.

कायदाही आपल्या बाजूला आहे. 2016 साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. ज्याचे दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक आहे, अशा मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत फुकट शिक्षणाचा हक्क आहे. ते जवळच्या शाळेत घ्यावे किंवा आपल्या पसंतीच्या खास शाळेत घ्यावे. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून ठेवावे. कोठे जावे, कोणते कागद न्यावेत, हे सांगणे हेही समाजसेवकाचेच काम.

तेव्हा मंडळी, आमचे सांगणे एवढेच. मूल शाळेत घालताना फी आणि गणवेश यांवर थांबू नका. आणखी चार गोष्टी विचारा :

1. आमच्या घराकडे कोण बघणार?
2. ते घरी कधी येतील?
3. सुट्टीत आम्ही मुलाकडून काय करून घ्यावे?
4. अडचण आली तर कोणाला भेटावे?

शाळेत असा माणूस नसेल तर चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटावे. आता आपल्याला लिहिता येते. अर्ज लिहावा, खाली सह्या कराव्यात. एकट्याचे बोलणे विसरले जाते. चौघांच्या सह्यांचा कागद राहतो.

मूल शाळेत काही तास असते, घरात जन्मभर. दोन्हीकडे एकच धडा चालला, तरच तो पाठ होतो.

प्रश्न : मुलगा हाताने जेवणे का विसरला? समाजसेवक कोणकोणती कामे करतो? तुमच्या गावात असे मूल आहे काय? त्याच्या घरी कोण जाते?