बेसिन हात धुण्यासाठीच

प्रश्न : मी मुरूड तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. आमच्याकडे हात धुवायच्या बेसिनमध्येच उरलेलं सलाईन ओततात, चहाचे कपही विसळतात. चालतं का?

उत्तर : नाही, ताई. बेसिनखालच्या वाकड्या पाइपात पाणी कायम साचलेलं असतं. तिथे स्युडोमोनाससारखे जंतू बुळबुळीत थर करून राहतात. काही सलाईनमधलं डेक्स्ट्रोज आणि गोड चहा म्हणजे त्यांना आयतं जेवण! नळाची धार थेट जाळीवर पडली की हे जंतू शिंतोड्यांबरोबर मीटरभरही उडू शकतात. म्हणून इंजेक्शनचा ट्रे बेसिनशेजारी भरू नका; जागाच नसेल तर मध्ये उभा आडोसा बसवून घ्या. कप आणि उरलेलं सलाईन दुसरीकडे न्या.

किनाऱ्यावर आणखी एक कटकट. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर साबणाला फेस येत नाही आणि नळाच्या तोंडाशी क्षार धरून धार वाकडी उडते. ते क्षार वरचेवर काढा. फेस कमी आला तरी हात 40 ते 60 सेकंद धुवाच. आणि खिळ्याला दिवसभर लटकणारा तो सामायिक नॅपकिन? तो आजच काढा.