मलम चेहऱ्यावर, परिणाम पेल्यातून

प्रश्न : चेहऱ्यावरच्या इसबासाठी टॅक्रोलिमस मलम सुरू आहे. वाइनचे दोन घोट घेताच चेहरा लालबुंद होतो. दही, मासे, आंबटही बंद करावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हा लालपणा मलम आणि मद्य यांच्या जोडीचा असण्याची शक्यता मोठी आहे. टॅक्रोलिमस लावणाऱ्या काहींना मद्य घेतल्यावर थोड्याच वेळात चेहऱ्यावर गरम वाटते, त्वचा लाल होते आणि हा त्रास बहुधा तासाभरात ओसरतो. वाइन, बिअर, व्हिस्की असा भेद यात नाही. कारण अल्कोहोल हेच आहे. मद्य टाळले की त्रास थांबतो. मात्र ओठ-डोळे सुजले, श्वास लागला, तर थेट रुग्णालय गाठावे.

दही, मासे, लिंबू यांचे या मलमाशी वैर नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दरवेळी खाज वाढत असेल, तरच तो डॉक्टरांच्या कानावर घालावा. टॅक्रोलिमसच्या गोळ्या घेणाऱ्यांना ग्रेपफ्रूट वर्ज्य असते, कारण त्याने रक्तातले औषध वाढते. मलमातून रक्तात फारच थोडे औषध उतरते.

पथ्य जिभेपेक्षा उन्हाचे जास्त. दुपारी बाहेर पडताना टोपी किंवा ओढणी हवीच. आंघोळीनंतर त्वचा पूर्ण कोरडी झाल्यावरच मलम लावावे, वर घट्ट पट्टी बांधू नये. सुरुवातीचे काही दिवस होणारी जळजळ सहसा आपोआप कमी होते. तेवढ्यासाठी मलम परस्पर बंद करू नये.