कुंपणच शेत खाते

शेताला कुंपण कशासाठी घालतात? गुरेढोरे पिकात शिरू नयेत म्हणून. आपल्या शरीरातही अशी राखण असते. रोगाचे जंतू आत आले, की ती त्यांच्याशी झुंजते. तिला रोगप्रतिकारशक्ती म्हणतात.

पण कधी कधी कुंपणच शेत खाते! ही शक्ती आपल्याच सांध्यांवर, आपल्याच कातडीवर उलटते. अशा एका रोगाचे नाव ल्युपस. आणि नवल असे, की काही वेळा तो औषधामुळे होतो.

हे कसे कळले? १९५० नंतर रक्तदाबावर हायड्रॅलॅझिन नावाचे औषध आले. १९५३-५४ साली अमेरिकेतील डॉक्टरांच्या ध्यानात आले, की ते घेणाऱ्या काहींचे सांधे दुखतात, ताप येतो. औषध थांबवले, तसा त्रास ओसरला. काहींच्या शरीरातून या औषधाचा निचरा जन्मापासूनच सावकाश होतो. अशांना धोका अधिक. मात्रा मोठी असली, तरी धोका वाढतो.

पुढे इतर काही औषधांचाही असा गुण दिसला. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड हे त्यांतलेच. त्याने हा त्रास होतो, पण अगदी क्वचित.

खुणा ध्यानात ठेवू या. औषध सुरू होऊन काही महिने, कधी वर्षही लोटते. मग सांधे दुखू लागतात. अंगात कसकस राहते. थकवा येतो. खोल श्वास घेतला, की छातीत कळ येते.

“मग काय, गोळ्या बंद करायच्या?” असे कोणी विचारील. नाही! क्षयाच्या गोळ्या आपल्या मनाने कधीही सोडू नयेत. अर्धवट सोडल्या, तर जंतू शिरजोर होतात. मग ते त्या गोळ्यांना जुमानत नाहीत. शिवाय प्रत्येक सांधेदुखी म्हणजे ल्युपस नव्हे. क्षयाच्याच दुसऱ्या एका गोळीने, पायरॅझिनामाइडने, सांधे दुखतात. त्याचे कारण निराळे. हा निवाडा डॉक्टरांनी तपासून करायचा.

आपण काय करावे? लगेच दवाखाना गाठावा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर न्याव्यात. कोणती गोळी केव्हापासून घेतो, ते सांगावे. आता आपल्याला लिहिता येते; तेव्हा ते वहीत टिपून ठेवावे. जरूर तर डॉक्टर औषध बदलून देतात. त्रास देणारे औषध थांबले, की बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आराम पडतो.

प्रश्न
१. ‘कुंपणच शेत खाते’ असे इथे का म्हटले आहे?
२. क्षयाच्या गोळ्या मनाने का सोडू नयेत?
३. तुमच्या घरात कोण कोणत्या गोळ्या घेते? नावे आणि तारखा वहीत लिहा.