मधुमेही बालकाचे पालक आणि परिचारिका

मधुमेह हा उतारवयाचा आणि सुखवस्तू घरांचा रोग होय, असा समज समाजात खोलवर रुजलेला आहे. या समजापायी बालकांमधील मधुमेहाचे निदान अनेकदा लांबते. चांगले वाढणारे मूल एकाएकी सारखे पाणी मागू लागते, रात्री लघवीसाठी उठते, भरपूर खाऊनही वाळत जाते, लघवीला मुंग्या लागतात. घरची मंडळी जंत, उन्हाळा किंवा दृष्ट अशी कारणे शोधीत राहतात. मूल उलट्या, पोटदुखी आणि धाप घेऊन रुग्णालयात येते तेव्हा त्याच्या रक्तातील आम्लता धोक्याच्या पातळीवर गेलेली असते.

या बालकांचा मधुमेह प्रौढांच्या मधुमेहाहून बहुधा निराळा असतो. शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. गोळ्यांनी हा रोग आटोक्यात येत नाही. इन्सुलिन बाहेरूनच, जन्मभर टोचावे लागते. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते १४ वर्षांच्या एका मुलास प्रथम देण्यात आले. त्यापूर्वी असे मूल फार काळ जगत नसे. आता ते शिकू शकते, खेळू शकते, संसार करू शकते. मात्र त्यासाठी दिवसातून चार वेळा इन्सुलिन द्यावयाचे म्हटले, तर वर्षाला १,४६० वेळा सुई टोचावी लागते. डॉक्टर औषधाची मात्रा ठरवून देतात. ती देणारे हात आईबापांचे असतात. हे हात तयार करणे हे परिचारिकेचे काम.

ते काम सुईपासून सुरू होत नाही. पालकांचा पहिला प्रश्न ‘आमचे काय चुकले?’ हाच असतो. गोड खाऊ घातल्याने, गरोदरपणातील आहाराने किंवा कोणाच्या पापाने हा रोग होत नाही, हे परिचारिकेने स्वच्छ शब्दांत आणि शक्यतो आजीआजोबांच्या समक्ष सांगणे जरूर असते. कारण घरी गेल्यावर दोष बहुधा आईच्या माथी येतो. ‘इन्सुलिनची सवय लागेल’ ही भीतीही तेथेच दूर करावी. इन्सुलिन बंद करून केवळ झाडपाल्यावर विसंबल्यास मूल थोड्याच दिवसांत दगावू शकते. याबाबत परिचारिकेने संकोच बाळगू नये.

त्यानंतर हाताचे शिक्षण. प्रथम परिचारिका करून दाखविते, मग आई आणि वडील या दोघांकडूनही करवून घेते. नुसते ‘समजले का?’ असे विचारल्यास सर्वच माना हलवितात. पालकांनी स्वतः मात्रा भरून दाखविल्यावरच चूक दिसते. यातील एक चूक विशेष घातक आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या एका मिलिलिटरला ४० एककांच्या आणि १०० एककांच्या अशा दोन प्रकारच्या मिळतात आणि त्यांच्या सिरिंजही निरनिराळ्या असतात. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० एककांचे औषध ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरले, तर १० ऐवजी २५ एकके शरीरात जातात. म्हणून कुपी आणि सिरिंज एकत्र ठेवून आकडे मोठ्याने वाचण्याची सवय परिचारिका लावते. अक्षरओळख नसलेल्या पालकांसाठी टोपणाचा रंग आणि सिरिंजवरील शाईची खूण उपयोगी पडते.

पालकांना रात्रीची भीती सर्वांत मोठी वाटते. दिवसभर खो-खो खेळलेल्या मुलाची रक्तशर्करा मध्यरात्री उतरू शकते. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. ती ७० मिलिग्रॅमखाली उतरल्यास मोठ्या मुलास तीन-चार चहाचे चमचे, लहानास त्याहून कमी साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा किंवा बिस्किट अशा वेळी कामाचे नाही. त्यातील स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. मूल बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. तातडीने आरोग्य केंद्र गाठावे. याउलट, तापाने वा उलट्यांनी मूल जेवत नसले की पालक इन्सुलिनच थांबवितात. आजारपणात मात्रा बदलावी लागते, पण इन्सुलिन पूर्ण बंद करावयाचे नसते. त्या वेळी कोणास विचारावयाचे, हे पालकांना आधीच ठाऊक हवे. परिचारिकेचा दूरध्वनी क्रमांक मुलाच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असावा, तो यासाठी.

रुग्णालयातील शिकवण घरच्या परिस्थितीला लागू पडली तरच टिकते. शीतकपाट नसलेल्या घरात कुपी पिशवीत बंद करून, ओल्या वाळूत बसविलेल्या मातीच्या मडक्यात सावलीत ठेवता येते. बर्फावर ठेवून गोठलेले इन्सुलिन मात्र निरुपयोगी होते. आहारही वाटीच्या मापाने, भाकरी-वरण-भाजीच्या भाषेत सांगावा. उपवासाचा साबुदाणा हलका समजला जातो. वस्तुतः तो जवळजवळ सगळा पिष्टमय असतो. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून अवघड आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून गाड्या निघतात आणि कुटुंब कित्येक महिने फडावर राहते. निघण्यापूर्वी पुरेसे इन्सुलिन व सिरिंज, नोंदवहीची प्रत आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता एवढे हाती नसेल, तर महिनोन्महिने शिकविलेले वाया जाते. राष्ट्रीय आवश्यक औषध सूचीत इन्सुलिन आहे. परंतु सूचीत असणे आणि फडावरच्या मुलाच्या हाती पडणे यांत पुष्कळ अंतर आहे.

शाळेत हा भार शिक्षकांकडे जातो. सकाळी इन्सुलिन घेतलेल्या मुलास मध्यान्ह भोजनासाठी तासभर ताटकळावे लागले, तर त्याची साखर घसरू शकते. पेंगणाऱ्या किंवा एकाएकी चिडणाऱ्या अशा मुलास शिक्षा करण्यापूर्वी साखर द्यावी, आणि त्यास घरी एकटे पाठवू नये. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांस परीक्षेत खाद्यपदार्थ व पाणी जवळ बाळगण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानेही २०२३ साली अशा मुलांना वर्गात रक्तशर्करा तपासू द्यावी व इन्सुलिन घेऊ द्यावे, असे सुचविले. गावच्या शाळेपर्यंत ही गोष्ट पोचविण्यास परिपत्रकापेक्षा परिचारिकेची अर्ध्या तासाची भेट अधिक उपयोगी ठरते. सरपंच व शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य तेथे उपस्थित राहिल्यास भोजनाच्या वेळेचा प्रश्न त्याच बैठकीत सुटू शकतो.

मूल दहा-बारा वर्षांचे झाले की ते स्वतः सुई टोचू लागते आणि पालक सुटकेचा निःश्वास टाकतात. परिचारिका मात्र या वयात अधिक सावध असते. मित्रांसमोर वेगळे दिसू नये म्हणून मुले मात्रा चुकवितात, नोंदवहीत खोटे आकडे लिहितात. अशा वेळी पालकांनी रागावल्यास आकडे अधिकच खोटे होतात. काम मुलाने करावे, जवळ मोठ्या माणसाने बसावे, हा मार्ग परिचारिका सुचविते. मुलीच्या बाबतीत रोग लपविण्याकडे घरच्यांचा कल असतो. तिची सुई लपूनछपून आणि म्हणूनच अवेळी टोचली जाते. हे बोलून घेण्यास एक भेट पुरत नाही.

पालकांचा हा विश्वास एका व्यक्तीवर बसलेला असतो, याचा विचार आस्थापना पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनीही करावयास हवा. बालकांच्या मधुमेहाचे काम शिकलेली परिचारिका सहा महिन्यांत दुसऱ्या कक्षात पाठविली गेली, तर पालकांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बदली अटळ असेल, तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या परिचारिकेने निदान काही आठवडे एकत्र काम करावे आणि प्रत्येक कुटुंबाची गाठ नव्या परिचारिकेशी समक्ष घालून द्यावी.