ढगांतील उड्डाणाचे शिक्षण

ढगात शिरताच वैमानिकास क्षितिज दिसेनासे होते. कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांना दीर्घ, संथ वळण जाणवत नाही. विमान कललेले असूनही शरीर ते सरळ असल्याची ग्वाही देते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या १९५४ च्या प्रयोगात उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांचा विमानावरील ताबा सरासरी १७८ सेकंदांत सुटला. म्हणून कृत्रिम क्षितिज, उंचीमापक, वेगमापक इत्यादींवर क्रमाने नजर फिरविण्याचा सराव प्रथम डोळ्यांवर झापड लावून घेतात. परंतु झापडीच्या कडेने उजेड झिरपतो, आणि घाबरल्यास ती काढता येते! ढग काढता येत नाही. यास्तव पुढे प्रशिक्षकास शेजारी बसवून खऱ्या ढगात सराव करणे इष्ट. मात्र आरंभी ढग शांत थराचे व जमिनीपासून पुरेसे उंच असावेत.